मुदखेडचं कोलाज

नांदेडहून जेमतेम २०-२५ किलोमीटरवर मुदखेड जंक्शन. इथून रेल्वेचा एक फाटा आदिलाबादकडे जातो. लोक गाडी बदलतात, फार तर फुलांचे मळे बघतात आणि निघतात. मी थांबले ती गोधडीसाठी!

आर्ट गॅलरीत जे 'कोलाज' म्हणून फ्रेममध्ये टांगतात, ते इथं दोरीवर उन्हात वाळत असतं. बारशाची कुंची, खणाचा परकर, शाळेचा निळा युनिफॉर्म, हळदीची साडी... जुन्या लुगड्यावर तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचं. एका मुलीचं अख्खं वाढणं!

"मावशी, शाळेचा अन् हळदीचा तुकडा इतके जवळ?"

"मधी लावायला काही नव्हतंच की, बाई. दहावी झाली न् लगीन."

मुलीच्या लग्नाचं किमान वय १९७८ पासून १८ आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, राज्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० जणींपैकी सुमारे २२ जणींचं लग्न त्याआधीच झालेलं होतं.

मावशींची नात नांदेडला कॉलेजात आहे. तिच्या गोधडीत त्या दोन तुकड्यांमध्ये हातभर जागा सोडलीय. गेलात तर विचारा, तिथं काय लागलं ते.