घाटावरच्या शिंपल्यास

मुन्शी घाट, वाराणसी

प्रिय शिंपल्या,

पूर ओसरला की काशीच्या पायऱ्यांवर गाळ उरतो. त्यातच तू सापडलास. दोन्ही शिंपा उघड्या, आतून मोतिया चकाकी, धनी केव्हाच गेलेला. माझ्या आजीनं तुला लगेच कामाला लावलं असतं. दगडावर घासून भोक पाडलेल्या अशाच शिंपीनं ती कैऱ्या सोलायची. मी मात्र तुला कॅलिपर लावला. लांबी, बिजागरीपासून कडेपर्यंतची उंची, मिटल्यावरची जाडी.

पायरीवर कुणी नासपतीची पाटी घेऊन बसलं होतं. फळांचे अभ्यासक नासपतीचीही लांबी, रुंदी, देठ असंच मोजतात. तिच्या पत्थरनाख जातीचा टणकपणा तर नावातच आहे. पण फळ एका हंगामाचं. तुझी वाढ अडली की पाठीवर रेघ उमटते; तुझी वही तूच लिहितोस.

तुझ्या गोतातल्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीचं वर्णन निसर्गशास्त्रज्ञ लामार्कनं 1819 साली छापलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढे प्राणिशास्त्रज्ञ बैनी प्रसाद यांनी 1918 साली तुमच्या माद्यांच्या कल्ल्यांवर लिहिलं. आई पिल्लांना तिथंच वाढवते. बाहेर पडल्यावर ती माशाला चिकटून नदीभर फिरतात. म्हणजे मासे गेले की तुमचाही वंश खुंटला. नुसत्या कवचाच्या मापातून हे कधी कळलं नसतं.

हेच बैनी प्रसाद पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. महायुद्धाची झळ कलकत्त्याला लागली, तेव्हा 1942 साली संस्थेचा संग्रह इथं, वाराणसीच्या कैसर कॅसलमध्ये आणला. बॉम्बपासून वाचवायला आणलेल्या नमुन्यांना पुढच्याच वर्षी वरुणा नदीच्या पुरानं गाठलं! आणि ही वरुणा इथून थोडं खाली गंगेलाच मिळते.

तुला पाण्याचं काय भय? भय असतं ते बरणीवरच्या चिठ्ठीला. कोणत्या नदीतला, कुठल्या काठचा, कोणत्या महिन्यातला, हे पुसलं गेलं की अचूक मापंही पोरकी होतात. नासपतीचंही तसंच, कोणत्या गावची बाग, हे न लिहिता तिच्या देठाची लांबी लिहून काय साधणार?

म्हणून आकड्यांच्या आधी ठिकाण लिहिलं. नागपूरच्या श्रीधर नारायण मुन्शींचं नाव या घाटाला लागलं आणि टिकलं. मीही नागपूरचाच, तेव्हा ते लिहिताना हात जरा सावकाश चालला. खाली तुझी तीन मापं, आणि शेरा : 'रिकामा. पुरानंतरच्या गाळात.'

तुझा कुणी भाऊबंद जिवंत भेटला, तर मोजून होईतो त्याला ओल्या फडक्यात ठेवीन आणि घेतला तिथंच परत रोवीन. कैरी सोलायला तू आहेसच.

तुझा,
एक नागपूरकर