बंबाची बोंब

बँकेतल्या कारकुनाचा संसार म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. फरक एवढाच, की विंचवाच्या पाठीवर तांब्याचा बंब नसतो. आमच्या पाठीवर आहे. आईच्या लग्नात तिच्या माहेरून आलेला, पोटावर तिचं नाव ठोकून घातलेला हा बंब सहा बदल्या टेम्पोत उभ्यानं प्रवास करून आला. सातवी बदली पाटोद्याला झाली.

ज्यांच्या न्हाणीघरात जन्मापासून गीझर आहे, त्यांच्यासाठी सांगतो. बंबाच्या पोटातून एक नळकांडं उभं जातं. त्यात वरून ढलप्या टाकायच्या, भोवती पाणी, खाली राख, बाजूला तोटी. इंग्लंडात १८६८ साली बेंजामिन मॉन नावाच्या गृहस्थानं गॅसवरचा घरगुती गीझर काढला, पण त्याला धुराडं ठेवायचं राहिलं. आमच्या बंबाचं धुराडं पोटातच असतं. आता आग लावणारं हे पात्र आणि आग विझवणारी गाडी, दोघांनाही आपण बंबच का म्हणतो, हे मात्र मला विचारू नका. मी कॉमर्सचा.

पाटोदा बालाघाटच्या डोंगरात. बीड जिल्हा म्हटलं की लोकांना टँकरच आठवतो. पण इथली डिसेंबरातली पहाट एकदा अनुभवावी. दातांवर दात वाजतात. जवळच सौताड्याला धबधबा आहे, तो पावसाळ्यात पडतो. आमच्या न्हाणीत बारमाही सुरू झाला.

गळतीखाली फुलपात्र ठेवून आधी हिशेब केला. वीस मिनिटांत दोनशे मिली. म्हणजे तासाला सहाशे, दिवसाला चौदा लिटर चारशे. एक अख्खी बादली रोज बुडीत खाती!

"टेम्पोवाल्यानं आपटला असणार," मी जाहीर केलं. आई काही बोलली नाही. सौ.नं मात्र टेम्पोवाल्याच्या राहिलेल्या भाड्यातले पाचशे रुपये कापून घेतले. तो पोरगेला ड्रायव्हर "वहिनी, मी तर गादीवर ठेवून आणला" म्हणत राहिला आणि मी पेपर वाचत राहिलो. उलटा होता, असं नंतर कळलं.

खरी गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे झोपेत असताना, आईला आयतं गरम पाणी द्यावं म्हणून मी बंब पेटवला. पाणी घालायचं राहिलं. वास आला तेव्हा धावलो, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

दुरुस्तीची मोहीम सुरू झाली. शेजारच्या काकूंनी भेगेत साबण भरायला सांगितला. दोन दिवस अंघोळीला वेगळा साबण लागला नाही, एवढाच फायदा. प्लंबर आला, "प्लास्टिकचं असतं तर केलं असतं" म्हणून गेला. मी कणकेसारखी मळायची लांबी आणून लावली. ती पहिल्याच जाळाला भाकरीसारखी फुगली. "गीझर घेऊ या का?" असं मी चाचरत म्हणालो, तेव्हा आई बंबाकडे बघत इतकंच म्हणाली, "घ्या की. माझं काय, मी गार पाण्यानंसुद्धा करीन." तिच्या सुजलेल्या बोटांकडे बघून मी तो विषय बंद केला.

शेवटी आमच्या शिपायानं अक्कल दिली. "साहेब, तांबट कशाला शोधता? रेडिएटरवाल्याकडं न्या." ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरांचे रेडिएटर झाळणारा एक मिस्त्री रस्त्यालगत बसतो. बंबाबरोबर आईही रिक्षात बसली. माहेरच्या माणसाला दवाखान्यात एकटं कसं पाठवायचं?

मिस्त्रीनं बंब उलटा केला, टिचकी मारली. "हे बी रेडिएटरच की. ते पाण्यानं विस्तू गार करतंय, हे विस्तवानं पाणी गरम." मग त्यानं जोड घासला आणि माझ्याकडे पाहिलं. "रिकामा पेटिवला व्हता का?"

"छे! टेम्पोत आपटला."

"आपटला असता तर पोचा आला असता. हितं डाख वितळून गेलाय." डाख म्हणजे कथील आणि शिसं. तो १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो. तांबं १०८५ पर्यंत दम धरतं. आत पाणी असलं की जोड फारसा तापत नाही. पाणी नसलं की संपलं. हे सारं त्यानं नवसागर लावता लावता, "पानी हाय तवर डाख हाय" एवढ्यात सांगितलं. आकडे मी नंतर वाचले. तेव्हा मी फक्त समोरच्या ट्रॅक्टरचा नंबर वाचत होतो.

ठिणगी उडाली, जोड चांदीसारखा चमकला. पाणी भरलं. खाली कोरडं ठणठणीत.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "तुझ्या वडिलांनीही एकदा असाच जाळला होता. हमालावर ढकललं."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? नवीन लग्न झालेलं. गप्प बसले." थोडं थांबून तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. "आता नाही बसत. हे पाचशे त्या पोराला आजच देऊन ये. आणि सूनबाईला तू सांग, मी नाही सांगणार."

पैसे मी माझेच दिले. टेम्पोवाला स्टँडवर चहा पीत होता. नोट हातात घेऊन त्यानं पहिलं काय विचारलं असेल?

"साहेब, बंब लागला का नीट?"