बगदादच्या मैफलीतली नावं

१९३२ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये कैरो शहरात अरब संगीताची एक मोठी परिषद भरली. इजिप्तचे राजे फुआद यांनी ती बोलावली होती. मोरोक्कोपासून इराकपर्यंतची वाद्यवृंद पथकं आली होती, शिवाय बेला बार्टोक आणि पॉल हिंडेमिथ यांच्यासारखे युरोपातले संगीतकार ऐकायला आणि चर्चेला हजर होते. त्या वेळी झालेली ध्वनिमुद्रणं आजही उपलब्ध आहेत. माझ्यासारख्या अरब संगीताच्या अभ्यासकाचं पान त्यांच्याशिवाय हलत नाही.

इराकच्या पथकाचा गायक होता मोहम्मद अल-कुब्बांजी, बगदादचा मुसलमान. त्याच्या साथीला उदावर अझूरी हारून, कानूनवर यूसुफ झारूर, संतूरवर यूसुफ पतौ, जोझा या गजानं वाजवायच्या वाद्यावर सालेह शुमैल. वादकांपैकी जवळजवळ सगळे ज्यू. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये इराक ब्रिटिशांच्या अंमलातून बाहेर पडून राष्ट्रसंघाचा सभासद झाला. म्हणजे स्वतंत्र होऊ घातलेल्या एका अरब देशानं जगापुढे आपलं संगीत म्हणून जे मांडलं, ते एका मुसलमान गळ्यानं आणि ज्यू हातांनी मिळून उभं केलेलं होतं. त्या काळात बगदादमध्ये याचं कुणाला नवलही वाटलं नसावं. शहराच्या लोकसंख्येत ज्यूंचा वाटा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता. नव्या राज्याचे पहिले अर्थमंत्री सासून एस्केल हेही बगदादी ज्यूच होते.

मी हिंदुस्थानी गायकीच्या तालमीतून या क्षेत्रात आले. अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे अरब, हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की माझ्या व्याख्यानांनंतर सर्वांत जास्त प्रश्न त्याच्याविषयीच येतात. जगातले बहुसंख्य मुसलमान अरब नाहीत. इंडोनेशिया, पाकिस्तान आणि भारत ही तीन नावं घेतली तरी ते कळतं. उलट बाजू मात्र अजून पोचलेली नाही. अरबी बोलणारे, अरबीत प्रार्थना करणारे, अरबीत भांडणारे आणि गाणारे ख्रिस्ती, ज्यू, द्रूझ शतकानुशतकं त्या भूमीवर आहेत. ख्रिस्ती अरब देवाला अल्लाह म्हणूनच हाक मारतो. बाराव्या शतकातला थोर ज्यू धर्मचिंतक मायमोनिडीस यानं आपला सर्वांत महत्त्वाचा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबी भाषेत लिहिला, फक्त लिपी हिब्रू ठेवली.

पण माझं क्षेत्र संगीताचं, तेव्हा मी तिथेच थांबते. ही सामायिक संस्कृती प्रत्यक्षात कशी चालत होती, हे मकाम, म्हणजे अरब संगीतातली आपल्या रागासारखी व्यवस्था, उलगडून पाहिल्यावर सर्वांत स्पष्ट दिसतं.

बगदादी मकाम ही नुसती स्वरांची चौकट नव्हे. त्याला ठरलेला प्रवास आहे. सुरुवातीला तहरीर, म्हणजे शब्दांविना किंवा मोजक्या उद्गारांवर केलेली आलापी. मग काव्य येतं, कधी प्रमाण अरबीतला कसीदा, कधी बोलीतली झुहैरी. मध्ये मेयाना, तिथे गायक वरच्या सप्तकात चढतो. शेवटी तसलीम. आणि हे सगळं गंभीर प्रकरण संपलं की ‘पेस्ते’ नावाचं हलकंफुलकं गाणं, ज्यात श्रोतेही आवाज मिसळतात. ख्यालाची सवय असलेल्या कानाला हा आराखडा परका वाटत नाही. अडचण येते ती स्वरांपाशी. बयात मकामातला रिषभ आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभांच्या मधोमध बसतो. पेटीवर तो नाहीच. माझ्या कानाला तो बेसूर न वाटता गोड वाटायला बरीच वर्षं लागली.

हाच बयात कुठे कुठे राहतो पाहा. कुराणाचे मोठे कारी पठणाची सुरुवात बहुधा बयातनं करतात आणि परतही तिथेच येतात. सिरियाक चर्चमध्ये स्तोत्रांसाठी आठ स्वरपद्धती आहेत, आणि तिथले गाणारे आज त्यांची ओळख मकामांच्या नावांनीच करून देतात. अलेप्पोच्या ज्यूंमध्ये तर प्रत्येक शब्बाथला तोराहचा जो भाग वाचायचा असतो, त्याच्या आशयाप्रमाणे त्या दिवशीच्या प्रार्थनेचा मकाम ठरतो. दुःखाचा प्रसंग असेल तर हिजाज. ही मंडळी अलेप्पो सोडून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेली, तरी हा परिपाठ त्यांनी सोडला नाही. इजिप्तचे गायक उम्म कुलसूम आणि मोहम्मद अब्देल वहाब यांच्या गाण्यांच्या चालींवर हिब्रू स्तोत्रं तिथे गायली जातात.

हे कुणी कुणाकडून उसनं घेतलं, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. अलेप्पोतल्या ‘कुदूद’ या गानप्रकाराकडे बघा. आधीच रुळलेल्या चालीवर नवे शब्द बसवायचे, ही त्याची रीत. भक्तिगीताची चाल प्रेमगीताला मिळते, प्रेमगीताची चाल पुन्हा झिक्रच्या, म्हणजे सूफी नामस्मरणाच्या, बैठकीत जाते. अशा ठिकाणी मूळ मालक शोधणं म्हणजे त्या कलेचं तत्त्वच न समजणं. युनेस्कोनं २०२१ साली कुदूद हलबिय्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कुदूदचा सर्वांत मोठा गायक सबाह फख्री त्याच वर्षी गेला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. सामायिक असणं म्हणजे सारखं असणं नव्हे. बगदादमध्ये मुसलमानांची अरबी बोली वेगळी आणि ज्यू-ख्रिश्चनांच्या बोली वेगळ्या. भाषाशास्त्रज्ञ हाईम ब्लांक यांनी १९६४ मध्ये या जमातींच्या बोलींवर लिहिलेलं पुस्तक अजूनही या विषयातलं पायाभूत काम आहे. ‘मी म्हणालो’ एवढं उच्चारलं, तरी माणसाचा धर्म कळायचा: मुसलमान ‘गिलित’ म्हणायचा, ज्यू आणि ख्रिस्ती ‘किल्तू’च्या वळणानं बोलायचे. घरात ज्यू आपली बोली बोलत. गाताना मात्र ज्यू गायिकाही मुसलमान बगदादी बोली वापरत. गाणं सगळ्या शहराचं होतं, म्हणून ते सगळ्या शहराच्या बोलीत.

वाद्यं ज्यूंच्या हाती का होती, याचं उत्तरही गोड गोड नाही. मुसलमान घरांमध्ये वाद्यवादनाचा पेशा प्रतिष्ठेचा मानत नसत. गायक मानाचा, वादक सेवेचा. ज्यूंकडे ही कामाची वाट आली आणि त्यांनी ती कलेच्या शिखरापर्यंत नेली. विषमता होतीच. ऑटोमन काळाच्या उत्तरार्धापर्यंत बिगर-मुसलमानांचं स्थान कायद्यानंच दुय्यम होतं. त्या काळाला सुवर्णयुग म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझं म्हणणं इतकंच, की दुय्यम स्थान असूनही संस्कृती मात्र त्यांचीही होती. कुणी मेहेरबानीनं दिलेली नव्हती. त्यांनी ती घडवली होती.

सालेह आणि दाऊद अल-कुवेती या दोन भावांची गोष्ट त्यासाठी सांगायलाच हवी. घराणं इराकी ज्यूंचं, जन्म कुवेतमधले; सालेहचा १९०८ चा, दाऊदचा १९१० चा. काका व्यापारानिमित्त हिंदुस्थानात आले होते, परतताना त्यांनी पोरांसाठी व्हायोलिन आणि ऊद आणले. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या त्या भेटीतून आधुनिक इराकी संगीत उभं राहिलं, असं म्हटलं तर ते फारसं वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही. सालेह व्हायोलिन वाजवू लागला आणि चाली बांधू लागला, दाऊद ऊद वाजवू आणि गाऊ लागला. बगदादमध्ये १९३६ साली रेडिओ सुरू झाला तेव्हा तिथल्या वाद्यवृंदाचा कणा हे भाऊ आणि त्यांचे ज्यू सहकारी होते. सलीमा मुराद या ज्यू गायिकेनं सालेहच्या चाली घराघरांत नेल्या. पुढे तिनं नाझेम अल-गझाली या मुसलमान गायकाशी लग्न केलं. इराकमधलं ते सर्वांत लाडकं जोडपं होतं.

मग हे मोडलं. १९४१ च्या १ आणि २ जूनला, पंतप्रधान रशीद अली यांचं सरकार कोसळल्यानंतरच्या पोकळीत, बगदादमध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. दीडशेहून अधिक माणसं मारली गेली. अनेक मुसलमान शेजाऱ्यांनी दारं उघडून ज्यू कुटुंबांना लपवलं, हेही तितकंच खरं. १९४८ च्या पॅलेस्टाइन युद्धानंतर ज्यू म्हणजे इस्रायलचा हस्तक, असा संशय सरकारनंच पेरला. मार्च १९५० मध्ये नागरिकत्व सोडून देश सोडण्याची मुभा देणारा कायदा आला; वर्षभरात, जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवणारा दुसरा कायदा. एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसं विमानानं इस्रायलला गेली. अडीच हजार वर्षं जुना समाज दोनेक वर्षांत जवळजवळ संपला.

जाणाऱ्या वादकांनी जाण्याआधी आपली विद्या शिकवली. हाशिम अल-रजब यांनी त्यांच्याकडून संतूर घेतलं आणि शाऊबी इब्राहिम यांनी जोझा. दोघेही मुसलमान. बगदादची परंपरा त्यांच्यामुळे तुटली नाही. ज्यांना देशाबाहेर काढलं जात होतं, त्यांनी मागे राहणाऱ्यांना शिकवायला नकार दिला नाही, ही गोष्ट मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठी वाटते. मोसुलच्या ख्रिस्ती घरातले जमील बशीर आणि मुनीर बशीर हे भाऊ पुढे उदावर आले. मुनीर बशीर यांनी उदाचं स्वतंत्र वादन युरोपच्या सभागृहांत पोचवलं.

कुवेती भावांचं काय झालं? इस्रायलमध्ये अरबी म्हणजे शत्रूची भाषा. रेडिओच्या अरबी विभागात त्यांना वाजवायला मिळालं, पण नव्या देशाच्या मुख्य प्रवाहात त्यांच्या संगीताला जागा नव्हती. पोटासाठी त्यांनी तेल अवीवच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवलं. तिकडे इराकमध्ये त्यांची गाणी वाजत राहिली. पण सद्दाम हुसेन यांच्या राजवटीत रेडिओवर त्यांची नावं गाळली गेली आणि गाणी ‘लोकसंगीत’ म्हणून नोंदली गेली. दोन्ही देशांनी त्याच माणसांना दोन वेगळ्या कारणांनी नाकारलं. दाऊद १९७६ मध्ये गेला, सालेह १९८६ मध्ये. दाऊदचा नातू दुदू तासा रॉक संगीतकार आहे. २०११ साली त्यानं आजोबांची गाणी अरबीतच पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रिका काढली.

इथे एक सावधगिरी. अरब ही ओळख कुणावर लादता येत नाही. इराकमधले अनेक असिरियन आणि इजिप्तमधले काही कॉप्ट स्वतःला अरब म्हणवून घेत नाहीत, आणि इस्रायलमध्ये वाढलेल्या इराकी ज्यूंनाही हा शब्द नकोसा वाटू शकतो. त्यांच्या आजोबांना अरब म्हणून नव्हे, ज्यू म्हणून हाकललं गेलं होतं. त्यांचा हा नकार अभ्यासकानं आदरानं नोंदवायला हवा. संगीतात मात्र जे नातं दिसतं, ते सांगायचंही त्यानं थांबू नये.

या गोष्टीचा एक धागा आपल्या दाराशी आहे. १८३० च्या दशकात मुंबईत आलेले डेव्हिड ससून बगदादचे. पुण्याच्या ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांच्या समाजाची घरातली भाषा अरबी होती आणि हिब्रू लिपीतल्या त्या अरबीत एकोणिसाव्या शतकात मुंबईतून वृत्तपत्रही निघत असे. विसाव्या शतकात आखातातले गवई मुंबईत येऊन ध्वनिमुद्रणं करत. ओमानच्या सूर बंदराचा दर्यावर्दी गायक सालिम राशिद सूरी १९३० च्या दशकात मुंबईत राहत होता आणि त्याच्या रेकॉर्ड्स इथेच निघाल्या.

म्हणून महाराष्ट्रातल्या जुन्या रेकॉर्ड्सच्या संग्राहकांना माझी विनंती आहे. चोर बाजारात, जुन्या पारशी-इराणी-ज्यू घरांच्या आवराआवरीत अरबी अक्षरांची ७८ गतीची रेकॉर्ड दिसली, तर वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नका. ती तुटकी असली तरी चालेल, पण लेबल जपा, त्याचा फोटो काढा आणि एखाद्या विद्यापीठाच्या अरबी विभागात दाखवा. रेडिओनं पुसलेली नावं त्या लेबलवर अजून छापलेली असू शकतात.