वाळवीचं घर

आमच्या पाटण तालुक्यात पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो, आणि त्याच्यासंगं वाळवीही. पहिला वळीव झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे गोळा व्हायचे. सकाळी उंबऱ्यावर नुसत्या पंखांचा सडा. आजी केरसुणीनं तो गोळा करायची आणि म्हणायची, "मातीचं घर मातीतल्यांनी बांधलं, आता मातीतलीच न्ह्यायला आल्यात." वारुळाला ती नागपंचमीला हळदकुंकू वाहायची. भिंतीवरच्या मातीच्या रेघेला मात्र तिच्याकडं माफी नव्हती.

आमचं घर जुन्या बांधणीचं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कौलं. तुळया सागाच्या होत्या म्हणून निभावल्या. दारांच्या चौकटी आणि माळ्याची फळकुटं आंब्याची, तिथं वाळवीची जत्रा. आजी चौकटींना बिबव्याचं तेल लावायची. ते अंगाला लागलं की बिबा उतायचा, म्हणून आम्हा पोरांना त्या दिवशी गोठ्यात हाकलून द्यायची. कुंपणाच्या डांबांना जळकं ऑईल. पुढं घरोघरी गॅमेक्सिनची पावडर आली. धान्याच्या कणगीखालीसुद्धा लोक ती हातानं फेकायचे. 1997 साली सरकारनं तिच्यावर बंदी घातली, तेव्हा कुठं कळलं की आपण काय घेऊन नांदत होतो.

एका उन्हाळ्यात आप्पांनी जमिनीच्या कागदांची लाकडी पेटी उघडली. वरचं खरेदीखत शाबूत दिसलं. उचललं तर खाली नुसती ओली माती. आप्पा काही बोलले नाहीत. उठले आणि खुरप्याच्या मुठीनं एकेक चौकट ठोकत गेले. निम्म्या चौकटी बद्द वाजल्या. वरून रंग तसाच, आतून पोकळ.

दादा तालुक्याहून औषध मारणाऱ्या माणसाला घेऊन आला. त्यानं सांगितलेलं मला तेव्हा नवीन होतं. भिंतीवर दिसते ती वाळवीची वाट. गाव तिचं जमिनीत, राणी तिथं. कामकरी वाळवी आंधळी असते. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती मातीचा बोगदा करून त्यातून चालते. वर रॉकेल ओतलं तर वाटसरू मरतात, गाव तसंच राहतं. औषध द्यायचं ते पायाजवळच्या मातीला, म्हणजे वर येणाऱ्या प्रत्येकीला त्या पट्ट्यातूनच यावं लागतं.

औषध क्लोरपायरीफॉस, वीस टक्क्यांचं. एक लिटर औषधाला एकोणीस लिटर पाणी. भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यात फूटभर अंतरानं अर्ध्या इंचाची भोकं पाडायची, दर भोकात लिटरभर पाणी जिरवायचं आणि वरून सिमेंट भरायचं. गडी घाईत होता. तांब्याचा अंदाज घेऊन पुढं सरकू लागला. आप्पांनी घरातलं पोचे आलेलं लिटरचं माप आणून त्याच्या हातात दिलं. "बाबा, घर आमचं हाय. मापानं वत." दादानं त्याला हातमोजे घालायला लावले. पोरं, कोंबड्या, शेळ्या सगळी दोन दिवस चुलत्यांच्या अंगणात. संध्याकाळी आईनं ते माप दगडानं चेचलं आणि खड्ड्यात पुरलं, कुणी चुकून त्यात दूध घालू नये म्हणून.

खरा तंटा झाला तो मागच्या भिंतीवर. तिच्यापासून आठ-दहा पावलांवर विहीर. गडी म्हणाला, एक बाजू सोडली तर सगळं पाण्यात. दादाचंही तेच. आई विहिरीच्या कट्ट्याला पाठ लावून उभी राहिली. "घर पडलं तर पुन्यांदा बांधता येतंय. हिरीत इख उतरलं तर काय पिवायचं?" दादानं समजूत घातली, औषध मातीला धरून राहतं म्हणाला. आई म्हणाली, "आनि पावसाळ्यात?" आमच्याकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याच्याजवळ याला उत्तर नसतं. आप्पांनी गड्याला पंप उचलायला सांगितला.

मग त्या भिंतीचा बंदोबस्त आम्ही अंगमेहनतीनं केला. भिंतीला टेकलेली लाकडं, गोवऱ्या, सरमाड दूर नेलं. पन्हळाचं पाणी पायात मुरत होतं, त्याला चर काढून वाट दिली. मागच्या दाराची आंब्याची चौकट काढून लोखंडी बसवली आणि खालून हातभर दगडी जोतं बांधलं, म्हणजे माती चढली तर डोळ्यांना दिसावी. ओल नाही, जमिनीला टेकलेलं लाकूड नाही, तर वाळवीला तिथं येऊन करायचं काय?

बाकीच्या तीन बाजूंना औषधानं पुढं बरीच वर्षं साथ दिली. जन्मभराची हमी कुठल्याच औषधाला नसते. अधूनमधून पुन्हा रेघ दिसते, पुन्हा बघावं लागतं. मागच्या जोत्यावर मात्र आई स्वतः रोज केरसुणी फिरवते. बोटभर मातीची वाट दिसली की खरवडून काढते, आणि हात धुवायला त्याच विहिरीचं पाणी शेंदते.