ग्लोव्ह्जची एकच जोडी

क्रिकेटच्या संघात एक जागा अशी आहे, जिथे तडजोड चालत नाही. तिसरा फास्ट बोलर घ्यायचा की दुसरा स्पिनर, यात कप्तानाला वाव असतो. बॅट्समन दोन-तीन ओव्हर टाकत असेल तर एकात दोघांचं भागतं. विकेटकीपर मात्र एकच. दोन चांगले निघाले, तर एक स्टंपमागे आणि एक पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर. अमेरिकन फुटबॉलचे चाहते क्वार्टरबॅक कोण, यावर जेवढे भांडतात, तेवढं आपण कीपरवर भांडतो. कारण तेच. जागा एक, माणसं दोन.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत हे भांडण आमच्या भंडाऱ्यात जरा जास्तच रंगलं. कारण एका बाजूला 'आपला' पोट्टा होता, अमरावतीचा जितेश शर्मा. दुसऱ्या बाजूला केरळचा संजू सॅमसन.

'आपला' या शब्दाची आम्हाला सवय नाही. टीम इंडियात आमच्या बाजूचं कोण, असं लहानपणी कुणी विचारलं तर उत्तर नव्हतं. २०११ साली उमेश यादव कसोटी खेळला, तेव्हा पहिल्यांदा छाती फुगवायला नाव मिळालं. मग २०१७-१८ चा मोसम आला. फैज फझलच्या विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी सिव्हिल इंजिनिअर होता. इंजिनिअरिंग करणाऱ्या आम्हा पोरांना ही बातमी घरी पुन्हा पुन्हा सांगायला फार आवडायची. त्याच सामन्यात कीपर अक्षय वाडकरनं १३३ धावा काढल्या.

म्हणजे जितेशची पहिली अडचण संजू नव्हता, घरचाच अक्षय होता. लाल चेंडूच्या संघात वाडकर पक्का झाला, पुढे कप्तान झाला. २ मार्च २०२५ ला नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हा करंडक वाडकरच्या हातात होता. जितेश त्या अकरांत नव्हता. पण त्याच मोसमात विजय हजारे स्पर्धेची फायनल तो विदर्भाकडून खेळला होता. दोघांपैकी 'चांगला' कोण? या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाच दिवस टिकायचं असेल तर एक नाव, शेवटच्या चार ओव्हरमध्ये पन्नास हव्या असतील तर दुसरं. २७ मे २०२५ ला लखनौत बंगळुरूपुढे २२८ चं लक्ष्य होतं. बदली कप्तान जितेशनं ३३ चेंडूंत नाबाद ८५ मारून सामना काढला. त्याच वर्षी विदर्भ सोडून तो बडोद्याला गेला. आता तो आपला की नाही, यावर खांब तलावाजवळच्या टपरीवर दोन चहा जास्तीचे झाले.

२ नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, होबार्टला ऑस्ट्रेलियाविरुद्ध संजूला बसवून जितेशला घेतलं. त्यानं १३ चेंडूंत नाबाद २२ केल्या, आपण जिंकलो. दिवाळीला आलेला मी अजून घरीच होतो. टपरीवर सगळे खूश. गप्प होता फक्त माझा एक मित्र. तो तालुक्याच्या टेनिस बॉल टूर्नामेंटांत कीपर होता. कीपर म्हणजे दुसरा कीपर. तीन वर्षं नेटमध्ये थ्रो घेतले, मॅचला पॅड बांधून बसला, मग एक दिवस यायचाच बंद झाला. आता धानाच्या गिरणीवर हिशेब बघतो.

तो म्हणाला, "सांग ना बे, संजूनं काय चुकवलं?"

मी म्हणालो, "पाचव्या नंबरवर चालत नाही तो."

"त्याले पाचवा नंबर देल्ला कोनं? जागाच हलवली तं मानूस काय करन?"

त्याचं बरोबर होतं. २०२४ मध्ये संजूनं टी-ट्वेंटीत तीन शतकं मारली. हैदराबाद, डरबन, जोहान्सबर्ग, तिन्ही सलामीला येऊन. आशिया चषकात शुभमन गिल उपकप्तान म्हणून आला आणि सलामीला गेला, म्हणून संजू खाली सरकला. एकदा कीपर खालच्या नंबरवर खेळणार असं ठरलं, की तिथला कसलेला माणूस जितेशच. संजू जितेशपेक्षा कमी पडला म्हणून बाहेर गेला नाही. गिल आत आला म्हणून गेला.

२० डिसेंबरला विश्वचषकाचा संघ आला. गिल बाहेर, संजू परत सलामीला. राखीव कीपरही सलामीचाच हवा, म्हणून ईशान किशन. दोनच दिवस आधी मुश्ताक अली फायनलमध्ये त्यानं झारखंडसाठी शतक ठोकलं होतं. जितेश बाहेर. त्याच्या हातून कॅच सुटली नव्हती. त्याच्यासाठी बनलेली जागाच त्या दिवशी संघातून नाहीशी झाली.

आमच्या धंद्यात याला फार साधा शब्द आहे, 'बेंच'. एक प्रोजेक्ट बंद झालं आणि मी नऊ आठवडे बेंचवर होतो. पगार चालू, काम नाही. कोड तोच, हात तेच. फक्त मी जे करतो ते त्या महिन्यांत कुणाला नको होतं. रोज लॉगिन करायचो आणि तिसऱ्या आठवड्यापासून वाटायला लागलं, की आपल्यातच काहीतरी कमी आहे. आई फोनवर विचारायची, "काम कसं चाललंय?" मी म्हणायचो, "मस्त."

म्हणून हा वाद मला आता निव्वळ करमणुकीचा वाटत नाही. 'चांगला कोण' असं आपण मोठ्यानं विचारतो, तेव्हा बाहेर बसलेला माणूस तेच स्वतःला हळू आवाजात विचारत असतो. खरं तर आधी विचारायला हवं, जागा कुठली मोकळी आहे? निवड समितीच्या जागी मी असतो तर तोच संघ निवडला असता. संजू सलामीला असेल तर त्याच्या आजारपणात सलामीलाच येईल असा कीपर लागतो. निर्णय बरोबर होता. जितेशवर अन्याय झाला हेही खरं आहे. टपरीवर आम्हाला यातलं एकच खरं लागतं, म्हणून आवाज चढतो.

२०१७ पासून नियम बदललाय. अंपायरच्या परवानगीनं बदली खेळाडूलाही कीपिंग करता येतं. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या टायमाले असता तं सात मॅचा भेटल्या असत्या मले." त्यानं त्या मोजून ठेवल्या होत्या.