लगाम हाती देण्याआधी

शाळा उघडण्याच्या आदल्या रविवारी आमच्या घरी एक काम ठरलेले असते. भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवायची, सतरंजीवर पसरायची आणि येत्या वर्षात शाळेचे व समाजाचे कोणकोणते कार्यक्रम आहेत, त्या तारखांभोवती लाल पेनाने गोल काढायचे. जानेवारीनंतरच्या तारखा मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायच्या. आम्ही उभयता धुळ्यात राहतो. एकाची नोकरी एस.टी.त कंडक्टरची, दुसरीची अंगणवाडीत. रजा आयत्या वेळी मिळत नाही. आधी गोल काढला नाही, तर कार्यक्रमाच्या दिवशी एक जण शिर्डीच्या गाडीवर, दुसरी पोषण आहाराच्या हिशोबात आणि पोर गणवेश घालून दाराशी एकटी उभी, असे आमच्याकडे दोनदा झाले आहे.

यंदा पेन आमच्या मोठीने आमच्या हातातून घेतले. ती आता आठवीत गेली. तिने पहिला गोल ३१ जुलैला काढला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले, ‘माझे भाषण’. आम्ही दोघेही काही बोललो नाही. कारण भाषण हा शब्द आमच्या घरात दोन वर्षे कोणी उच्चारला नव्हता.

त्याचे असे झाले. ती पाचवीत असताना १४ एप्रिलला वस्तीतल्या कार्यक्रमात मुलांची भाषणे ठेवली होती. तिचे नाव आम्हीच दिले. भाषणही आम्हीच लिहिले. दोन फुलस्केप पाने भरून! त्यात क्रांतिसूर्य होते, प्रज्ञासूर्य होते, महामानव होते. पाचवीतल्या पोरीला स्वतःचे वाटेल असे एक वाक्य मात्र नव्हते. तिची वार्षिक परीक्षा चालू होती. गणिताचा पेपर देऊन आली आणि दोन रात्री जागून तिने ते पाठ केले. कार्यक्रमाला उशीर झाला. तिची पाळी आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. ती उभी राहिली, सर्वांना जयभीम केला, तीन वाक्ये बोलली आणि चौथे आलेच नाही. माइकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. पुढच्या रांगेतली दोन पोरे हसली. सूत्रसंचालकांनी टाळ्या वाजवून तिला खाली उतरवले.

घरी आल्यावर आम्ही काय केले? जवळ घ्यायचे सोडून म्हणालो, “एवढे लिहून दिले, तरी तुला बोलता येऊ नये?” ती न जेवता झोपली. आजी कोपऱ्यात सुपारी कातरत बसली होती. ती एवढेच म्हणाली, “बापनं लिखेल पोरना तोंडमा कितलं राही?” त्या रात्री आम्हाला आजीचाही राग आला.

पुढे पालक सभेत बाईंनी सांगितले, “हिला उत्तर येतं, वहीत बरोबर असतं, पण वर्गात हात वर करत नाही.” आम्ही मान डोलावली. हात का वर होत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण बाईंना सांगायचा धीर झाला नाही.

या मे महिन्यात आम्ही चाळीसगावला गेलो. तिचे आजोळ तिथले. तिथल्या विहाराच्या कपाटात बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींचे मराठी पुस्तक तिला सापडले. मामाच्या घरी गच्चीवर बसून तिने ते वाचले आणि चाळीसगावचे पान आले तेव्हा धावत खाली आली. ज्या स्टेशनावर आपण दरवर्षी उतरतो, तेच हे स्टेशन, याचे तिला फार नवल वाटले.

वाचकांपैकी पुष्कळांना ती हकिगत ठाऊक असेल. तरी मुलांना सांगावी म्हणून पुन्हा देतो. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे आणि आणखी एका सदस्याकडे होते. ते काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार टाकलेला होता, त्याची त्यांना चौकशी करायची होती. चाळीसगावच्या आपल्या मंडळींनी, आज रात्री आमच्याकडे राहा, असा आग्रह धरला आणि त्यांनी तो मानला. धुळ्याच्या गाडीने ते त्या गावी जाऊन परत आले. स्टेशनावर मंडळी हार घेऊन उभीच होती. वस्ती दोनएक मैलांवर, मध्ये नदी. बाहेर टांगे पुष्कळ उभे होते. तरी बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले. का, ते त्यांना कळेना. शेवटी एक टांगा आला. ते बसले, बाकीचे लोक जवळच्या वाटेने पायी निघाले. थोडे अंतर गेल्यावर समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर वळण घेताना घोडा उधळला. चाक कडेच्या दगडावर आपटले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

मग उलगडा झाला. एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. त्यात त्याला कमीपणा वाटत होता. पाहुण्याला पायी न्यायचे, हे आपल्या मंडळींच्या मनाला पटेना. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता.

ही गोष्ट आम्ही दोघांनी लहानपणापासून ऐकलेली. तिचा अर्थही पाठ होता. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, ही जात! तोच अर्थ आम्ही मुलीला सांगितला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “ते कळलं. पण ज्याला येत नव्हतं, त्याला लगाम का दिला? त्याला आधी कोणी शिकवलं का नाही? तो किती घाबरला असेल!”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. बाबासाहेबांनीही लिहिले आहे, की मंडळींनी पाहुण्याच्या मानाचा विचार केला, त्याच्या जिवाचा केला नाही. दोष टांगेवाल्यांच्या माजाचा, यात तिळभर शंका नाही. आपली माणसे प्रेमापोटी चुकली. पण प्रेमाने हार घालता येतो, टांगा हाकता येत नाही. टांगा हाकायला शिकावे लागते. आणि आम्ही काय केले होते? पाचवीतल्या पोरीच्या हाती लगाम दिला, पुढे गर्दी उभी केली आणि ती फरशीवरून घसरली तेव्हा तिलाच बोल लावला. त्या रात्री मामाच्या गच्चीवर आम्ही तिची माफी मागितली. आई-बापाने लेकीची माफी मागण्याची आपल्याकडे रीत नाही. पण मागितल्यावर जीव हलका होतो, हे अनुभवाने सांगतो.

तेव्हा यंदा दिनदर्शिकेवर गोल काढताना आम्ही प्रत्येक गोलापुढे आणखी एक गोष्ट लिहिली आहे: तयारी कधीपासून. आमच्या वस्तीसाठी केलेली ही यादी इतर घरांनाही उपयोगी पडेल, असे वाटते.

पहिला गोल ३१ जुलैचा. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याच्या न्यायालयात एका खटल्याच्या कामासाठी आले, तेव्हा लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीने दरवर्षी या दिवशी तिथे लोक जमतात. आमच्याकडेही जळगाव जिल्ह्यातले पाहुणे आदल्या रात्री उतरतात. मुले जातात, बंगला पाहतात, भेळ खातात, फोटो काढतात आणि परत येतात. यंदा आधीच्या रविवारी विहारात मुलांना बसवून बाबासाहेबांचे खानदेशशी काय नाते होते, ते त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचे ठरले आहे. मग बंगला निराळा दिसेल.

दुसरा गोल एका दिवसाचा नाही, तीन महिन्यांचा आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. विहारात आणि घरोघरी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बहुतेक ठिकाणी वाचणारा एक मोठा माणूस ठरलेला असतो. मुले पेंगतात आणि खीर वाटली की जागी होतात. आमची सूचना अशी, की रोज एक परिच्छेद एका मुलाने वाचावा. अडखळला तर अडखळू द्यावा. हसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वाचायला बसवावे. नव्वद दिवस घरच्याच माणसांपुढे मोठ्याने वाचणाऱ्या पोराला माइकची भीती राहत नाही. याला पैसा लागत नाही, वर्गणी लागत नाही.

तिसरा गोल ७ नोव्हेंबरचा. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण तो पुष्कळदा दिवाळीच्या सुटीत किंवा सुटीला लागून येतो. शिवाय ते दिवस कापूस वेचणीचे. आपल्या कितीतरी माय-बहिणी तेव्हा पहाटेच शेतात जातात आणि जमेल ते पोरही सोबत जाते. रोज बुडवून कार्यक्रमाला या, असे कोणाला सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. म्हणून हा कार्यक्रम संध्याकाळी सातनंतर विहारात ठेवावा आणि सुटीत मजुरीला गेलेले प्रत्येक पोर सुटी संपल्यावर पुन्हा वर्गात बसले की नाही, एवढीच त्या दिवशी चौकशी करावी. या दिवसाचे खरे काम तेच.

२६ नोव्हेंबरला संविधान दिन. १९४९ साली या दिवशी संविधान स्वीकारले गेले. शाळेत उद्देशिका म्हणतात. आमचा धाकटा ती एका श्वासात म्हणून टाकतो. मागच्या वर्षी त्याला विचारले, बंधुता म्हणजे काय? तो म्हणाला, “भावाभावांनी भांडायचं नाही.” मग नळावर पाणी भरताना दुसऱ्याच्या हंड्याला रांगेत जागा देणे म्हणजेही बंधुता, हे त्याला सांगितले. रोज एक शब्द घेतला, तरी दहा-बारा दिवसांत उद्देशिका समजते.

६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्यांनी लहान मुलांच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. जळगाव, चाळीसगावला गाडीत चढतानाच गर्दी असते. शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात. तिथे प्रत्येक मुलाला एक पुस्तक त्याच्या निवडीने घेऊ द्यावे. आपण निवडू नये!

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. शाळाशाळांत मुली नऊवारी नेसून सावित्री होतात. साडी भाड्याने आणायलाही पैसे लागतात आणि ज्या घरी ते नसतात, तिथली मुलगी मागे उभी राहते. तिला मुक्ता साळवेचे नाव सांगा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीने आपल्या समाजाचे दुःख निबंधात लिहिले आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिच्याविषयी चार वाक्ये बोलायला भाड्याची साडी लागत नाही.

आणि शेवटचा, सर्वांत मोठा गोल १४ एप्रिलचा. हे दिवस परीक्षांचे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नये, असा कायदा आहे. पण कायद्याच्या आधी आपल्याच घरातले अभ्यास करणारे पोर आहे. आमच्या वस्तीतल्या तरुणांशी आम्ही बोललो. ते म्हणाले, “मुलांची भाषणं संध्याकाळी पाचला घेऊ. पाहुणे यायचे तेव्हा येवोत.” एवढे जरी झाले, तरी एखादे पोर साडेनऊला पेंगत व्यासपीठावर चढणार नाही.

आता ३१ जुलैच्या भाषणाचे. आदल्या रविवारी विहारात आमची मोठी पाच मिनिटे बोलणार आहे. विषय तिनेच घेतला आहे: तो टांगा हाकणारा. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तिला त्याच्याविषयी बोलायचे आहे. त्याने नाही म्हणायला हवे होते, की लोकांनी त्याला सांगायला नको होते, हे तिचे अजून ठरत नाही. रोज रात्री ती आजीपुढे बसून बोलते. आजी मध्येच विचारते, “मंग काय व्हयनं?” आणि तिला पुढचे सुचते. कागद नाही. आम्ही दुसऱ्या खोलीतून ऐकतो. परवा एका ठिकाणी ती चुकीचे साल बोलली, तेव्हा आमच्या तोंडाशी आलेले आम्ही गिळले. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक उघडून ते स्वतःच दुरुस्त केले.

त्या दिवशी ती मध्येच विसरेल का? विसरेलही. मग थांबेल, आठवेल, पुन्हा बोलेल. आम्ही दोघांनी रजेचे अर्ज दिले आहेत. आम्ही पहिल्या रांगेत बसणार नाही, कारण आमचे चेहरे पाहून ती घाबरायची. मागे, खांबाजवळ बसू. आजी मात्र पुढे बसणार आहे.

वाचक माता-पित्यांनो, आपल्या घरची दिनदर्शिका आज खाली उतरवा आणि पेन मुलांच्या हाती द्या. जयभीम!