गावाकडे जाणारी दुसरी लाईन

गोडादऱ्यात संध्याकाळी भाजी घ्यायला निघालं की आपण सुरतमध्ये आहोत हे विसरायला होतं. भाजीवाला भाव गुजरातीत सांगतो आणि शेजारची मावशी अहिराणीत घासाघीस करते. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात खानदेशातून कामासाठी आलेली हजारो कुटुंबं आहेत. आम्हीही त्यातलेच. बाबा दोंडाईचाजवळच्या खेड्यातून लूमवर कामाला आले. मी इथेच बीई झालो.

गावाशी जोडणारी आमची ताप्ती लाईन १९०० सालची. शतकभर ती बहुतेक एकेरीच राहिली. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी स्टेशनात थांबून राहायची. बाबा म्हणायचे, "क्रॉसिंग आहे." लहानपणी मला ते एखाद्या स्टेशनचंच नाव वाटायचं!

मग २०१९ साल उजाडलं. १५ फेब्रुवारीला दिल्लीहून वाराणसीसाठी पहिली वंदे भारत निघाली. ऑफिसात दिवसभर तीच चर्चा. आमच्या घरी मात्र दुसऱ्या दिवशीची बातमी मोठी ठरली. त्या दिवशी धुळ्यात पंतप्रधानांनी उधना-जळगाव मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण केलं. सुमारे ३०० किलोमीटरचा मार्ग, खर्च जवळपास २,४०० कोटी रुपये. त्याच कार्यक्रमात भुसावळ-वांद्रे खानदेश एक्सप्रेस आणि उधन्याहून नंदुरबार व पाळधीसाठी मेमू गाड्याही सुरू झाल्या.

७ मेला आखाजी होती. आम्ही उधन्याहून नंदुरबारची मेमू धरली. बारडोलीनंतर समोर मालगाडी दिसली. बाबांनी सवयीने डबा उघडला, कारण आमचं जेवण नेहमी क्रॉसिंगलाच व्हायचं. पण गाडी थांबलीच नाही. मालगाडी शेजारून धडधडत निघून गेली आणि बाबा हातात भाकरी धरून बघतच राहिले.

पुढे नवापूर लागलं. या स्टेशनातून गुजरात-महाराष्ट्राची सीमा जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. मला तो बाक आपल्यासारखाच वाटतो.

नंदुरबारहून एसटीने गाव गाठलं. आजी दारातच होती. "कव्हय येशी?" असं ती फोनवर दर महिन्याला विचारायची आणि माझं उत्तर ठरलेलं, "आजी, गाडीत फार वेळ जातो गं." त्या दिवशी कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरी आखाजीची गाणी म्हणत होत्या, आजी खापरावर मांडे करत होती आणि मला त्या उत्तराची लाज वाटली. वेळ गाडीपेक्षा मीच जास्त घेत होतो.

मित्रांनो, तुमच्याही गावी कुणी वाट बघत असेल. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जा, नवापूरचा बाक दाखवा. आता "क्रॉसिंग आहे" ही सबब चालणार नाही.